ओव्हरड्राइव्हमधला कोणता कपॅसिटर बदलायचा, कोणते तसेच ठेवायचे

तू काका म्हणून लिहिलंस, म्हणून अरे-तुरेवरच बोलतो. तुझा प्रश्न मी समजलो तो असा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात वाजवतोस. गिटार तीन सिंगल कॉइल पिकअपची, आणि ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटवरून बनवलेलं एक स्वस्त ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारं, पेडल. पेडल दाबलं की खालच्या तारांचा भरणा जातो आणि आवाज नाकातून आल्यासारखा होतो. मित्र म्हणाला, आतले सगळे कपॅसिटर काढून महागडे ‘ऑडिओ’ कपॅसिटर घाल. त्यानं यादीही करून दिली आहे. घालू का?

सगळे घालू नकोस. एक बदल. तो नीट ऐक, मग हवा तर दुसरा. बाकीचे आहेत तिथेच राहू देत. असं का म्हणतो ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणाची यादी आली तरी तुझं तुलाच तपासता येईल.

आयबानेझ कंपनीचा मूळ ट्यूब स्क्रीमर टीएस808 हा 1979 चा आणि टीएस9 हा 1982 चा. त्या दोघांत मुख्य फरक शेवटच्या टप्प्यातल्या दोन रेझिस्टरचा आहे. आवाज फाडणारा आणि टोन ठरवणारा भाग दोन्हीकडे जवळजवळ एकच. बाजारातली बहुतेक स्वस्त ओव्हरड्राइव्ह याच आराखड्यावर बनतात, म्हणून खाली देतोय ते आकडे तुझ्या पेडललाही बहुतेक जुळतील. तरी आधी झाकण उघड आणि आकडे वाचून घे. कपॅसिटरवर 473 असेल तर तो 47 नॅनोफॅरड, 104 म्हणजे 100 नॅनोफॅरड, 683 म्हणजे 68, आणि 224 म्हणजे 220 नॅनोफॅरड, ज्याला दुकानात पॉइंट टू टू म्हणतात. पहिले दोन आकडे जसेच्या तसे, तिसरा आकडा पुढची शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये.

आता एक हिशेब शीक. या कामात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही. रेझिस्टर किलोओममध्ये घे, कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये घे, दोघांचा गुणाकार कर आणि 159 ला त्यानं भाग. उत्तर येईल ते हर्ट्झमध्ये. ज्या ठिकाणापासून तो कपॅसिटर आवाज कापायला लागतो ते हे ठिकाण. आम्ही त्याला कोपरा म्हणतो.

मित्राच्या यादीत पहिला आहे इनपुटचा कपॅसिटर, 0.02 मायक्रोफॅरड. त्याला 0.1 करायला सांगितलंय, ‘बेस वाढेल’ म्हणून. त्याच्यासमोर 510 किलोओमचा रेझिस्टर आहे. 510 गुणिले 0.02 म्हणजे 10.2, आणि 159 भागिले 10.2 म्हणजे जवळपास 16 हर्ट्झ. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर 82 हर्ट्झ. 16 ला कापणारा दरवाजा 3 ला नेऊन गिटारच्या वाट्याला काय येणार? काहीच नाही. पुढचा 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 10 किलोओमसमोर आहे. तोही 16 हर्ट्झ. आउटपुटचा 10 मायक्रोफॅरडचा त्याच्याही खाली. हे तिन्ही कपॅसिटर आपलं काम बिनबोभाट करतायत. त्यांच्या जागी कितीही महाग माल घातलास तरी तुझी खालची तार जाड होणार नाही.

तुझा खर्ज जातो तो दुसऱ्याच जागी. ऑप-अँप म्हणजे आठ पायांची ती काळी चिप, बहुधा 4558. तिच्या दोन नंबरच्या पायापासून एक 4.7 किलोओमचा रेझिस्टर निघतो आणि त्याच्यामागे 47 नॅनोफॅरडचा कपॅसिटर जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जातो. हिशेब कर: 4.7 गुणिले 0.047, आणि उत्तर 720 हर्ट्झ. आता गिटारशी ताडून बघ. सगळ्यात बारीक तार मोकळी 330 हर्ट्झ, बाराव्या पडद्यावर 659. म्हणजे तू रोज जिथं वाजवतोस त्यातले जवळजवळ सगळे मूळ सूर या कोपऱ्याच्या खाली आहेत. खालच्या तारांना पेडल फारसं मोठं करतच नाही. वरचे स्वरांश तेवढे मोठे होतात आणि फाटतात.

ड्राइव्हचा नॉब पूर्ण उघडलेला धरून मी गेन, म्हणजे आवाज किती पट मोठा होतो ते, काढून ठेवलाय. 1000 हर्ट्झचा आवाज सुमारे 95 पट होतो, तर 82 हर्ट्झचा जेमतेम 13 पट. 47 च्या जागी 100 नॅनोफॅरड घातला की कोपरा 720 वरून 338 वर उतरतो. 82 हर्ट्झचा गेन 13 वरून 28 च्या आसपास जातो, आणि 1000 हर्ट्झचा 95 वरून 111. वरच्या बाजूला फरक कानाला लागेल न लागेल एवढाच, खाली मात्र दुप्पट. तुला हवं ते नेमकं हेच आहे, आणि किंमत एका कपॅसिटरची.

आता तू म्हणशील, मग 220 नॅनोफॅरड का नको? कोपरा 154 वर येईल, खालच्या तारेचा गेन 55 च्या घरात जाईल, भरपूर खर्ज. इथं थोडं थांबून वाच, कारण याच जागी मी स्वतः चुकलोय.

मूळ सर्किट बनवणाऱ्यांनी खर्ज विसरून कापलेला नाही. जाड तारेचा झोका मोठा असतो. तो मोठा होऊन आवाज फाडणाऱ्या डायोडला भिडला की त्याच्यावर स्वार झालेले बारीक सूरही त्याच्याबरोबर चेपले जातात. शिवाय दोन सूर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. मी 82 आणि 123 हर्ट्झ, म्हणजे ई आणि त्याचा पाचवा सूर, एवढेच वाजवले तर वजाबाकी 41 येते. तो ईच, एक सप्तक खाली. कानाला गोड लागतं. रॉकवाले दोन सुरांचा कॉर्ड वाजवतात त्याचं कारण हेच. पण तू ऑर्केस्ट्रात वाजवतोस. तुझे कॉर्ड पूर्ण असतात, मेजर-मायनर, सहाही तारांवर. त्यात मधला तिसरा सूर 104 हर्ट्झचा आला की वजाबाकी 20-22 च्या आसपास येते, आणि ती कुठल्याच सुरात बसत नाही. ऐकणाऱ्याला फक्त गढूळपणा जाणवतो. जितका खर्ज डायोडपर्यंत जास्त पोचवशील, तितका हा गाळ वाढेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका गिटारवाल्याला 220 नॅनोफॅरड घालून दिला होता. माझं टेबल सोलापूरच्या पूर्व भागात आहे. दिवसभर शेजारी माग चालतात, म्हणून ऐकून ठरवायचं काम मी रात्री माग थांबल्यावर करतो. रात्री, शांत खोलीत, एकटी गिटार. आवाज असा भरदार लागला की दोघंही खूश. दोन दिवसांनी हुतात्मा स्मृती मंदिरात त्याचा कार्यक्रम होता, मी मागच्या रांगेत बसलो होतो. कीबोर्डवाल्याचा डावा हात, बेस गिटार, ढोलकीचा धुम, ऑक्टापॅड, आणि या सगळ्याच्या खाली आमची गिटार पूर्ण बुडालेली. सोलोला त्यानं व्हॉल्यूम वाढवला, तर गिटारऐवजी घुमणं वाढलं. चूक माझी होती. खोलीत ऐकून मी स्टेजचा निर्णय घेतला होता. दुसऱ्या दिवशी 220 काढून 100 घातला. पुढची कितीतरी वर्षं ते पेडल तसंच चाललं.

नाकातला तो आवाज नेमका कशासाठी असतो हे समजायचं असेल तर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर उभा राहा. पाळणेवाल्यांच्या आणि खेळांच्या तंबूंच्या भोंग्यांना खर्ज नसतो, चकाकीही नसते. असतो तो फक्त मधला पट्टा. तरी एवढ्या गर्दीत शब्द न शब्द कानावर येतो. ट्यूब स्क्रीमरचा उंचवटाही त्याच पट्ट्यात आहे, म्हणून सोलो गर्दीतून वर येतो. तो पूर्ण सपाट करायचा नाही, थोडा रुंद करायचा. म्हणून माझं मत: सिंगल कॉइल गिटार आणि ऑर्केस्ट्रा असेल तर 68 किंवा 100 नॅनोफॅरड. 68 चा कोपरा 498 हर्ट्झ. पूर्ण कॉर्ड ड्राइव्हवर जास्त वाजवत असशील तर 68 च घे. सोलो आणि दोन-दोन सुरांचंच काम असेल तर 100. हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप असता तर मी 47 ला हातच लावू दिला नसता.

एक सूचना. मित्राच्या यादीत 4.7 किलोओम काढून 2.2 घालायचंही लिहिलंय, गेन वाढावा म्हणून. गेन वाढेल हे खरं. पण 2.2 गुणिले 0.047 चा हिशेब कर: कोपरा 1538 वर चढतो. खर्ज आणखी पातळ, आणि तुझी तक्रार दुप्पट. रेझिस्टर कमी करायचाच असेल तर कपॅसिटर बरोबरीनं वाढवावा लागतो. 2.2 बरोबर 0.1 घेतलास की पुन्हा 723 वर येशील.

दुसरा कामाचा कपॅसिटर डायोडांच्या समांतर बसलेला असतो, 51 पिकोफॅरडचा, बारकी सिरॅमिक चकती. हा वरचा किरकिराट गोल करतो. ड्राइव्ह पूर्ण उघडला की त्याच्यासमोर 551 किलोओम असतात आणि कोपरा 5.7 किलोहर्ट्झवर येतो. 100 पिकोफॅरड घातला तर तोच 2.9 वर. ड्राइव्ह मध्यावर असला की दोन्ही आकडे वर सरकतात, 51 चा 10 च्या पुढे जातो आणि 100 चा 5.3 च्या आसपास येतो. तुझ्या बाबतीत हा बदल मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. कारण तू शेवटी लिहिलंस की कार्यक्रमात गिटार सरळ मिक्सरला जोडतोस. गिटारच्या अँपचा 12 इंची स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या पुढचं फारसं काढतच नाही, आणि ओव्हरड्राइव्ह पेडल त्या स्पीकरला धरूनच बनवलेलं असतं. मिक्सरमधून तो आवाज साउंडवाल्याच्या ट्वीटरपर्यंत जातो आणि डास गुणगुणल्यासारखा ऐकू येतो. तुला पातळ वाटतं त्यातला अर्धा भाग खर्ज नसल्यामुळे असेल, अर्धा या जादा धारेमुळे. 100 पिकोफॅरडनं धार कमी होईल, पूर्ण जाणार नाही. आयोजकाकडे अँप आणि त्याच्यापुढे माइक मागता आला तर माग. नाहीतर कॅबिनेट सिम्युलेटरची, म्हणजे गिटार स्पीकरची नक्कल करणारी, छोटी पेटी मधे घाल. कपॅसिटर स्पीकरची जागा घेऊ शकत नाही.

तिसरा, टोनचा. 1 किलोओम आणि 0.22 मायक्रोफॅरड, कोपरा पुन्हा 723. याला 0.1 केलं तर 1590 वर जातो आणि आवाज उघडतो. मंद हंबकरला ठीक, तुझ्या गिटारला नको. असू दे.

आता मालाबद्दल. दुकानात कपॅसिटरला अजून कंडेन्सर म्हणतात, आणि नुसतं कंडेन्सर म्हटलंस की समोर पंख्याचा येतो. ‘पॉइंट वन मायलर, 50 किंवा 100 व्होल्ट’ असं माग. पॉलिएस्टर फिल्मचा मिळेल, हिरवट थेंबासारखा नाहीतर छोट्या डबीसारखा. 9 व्होल्टच्या पेडलला 50 व्होल्ट भरपूर झाले, 400-630 व्होल्टचा डब्यात मावणारही नाही. आकड्याच्या पुढे इंग्रजी अक्षर असतं, ते छापील आकड्यापासून किती फरक असू शकतो ते सांगतं: ‘J’ म्हणजे 5 टक्के, ‘K’ म्हणजे 10, ‘M’ म्हणजे 20. ‘J’ चा घे. आवाजाच्या जागी स्वस्त सिरॅमिक चकती 104 ची नको. त्यातला वाय5व्ही जातीचा माल उणे 30 ते 85 अंशांच्या पट्ट्यात आपल्या छापील आकड्यापेक्षा 82 टक्क्यांनी खाली घसरू शकतो. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या मंडपात, हॅलोजनखाली ठेवलेलं पेडल किती तापतं हे तू हात लावून बघितलंच असशील. मात्र 51 किंवा 100 पिकोच्या जागी एनपी0 जातीचा सिरॅमिकच योग्य, तो तापमानानं हलत नाही. शेकडो रुपयांच्या ऑडिओ कपॅसिटरचं विचारलंस, तर फॅरडचा आकडा तोच ठेवून फक्त कंपनी बदलल्याचा फरक मला या सर्किटमध्ये डोळे मिटून कधी ओळखता आलेला नाही. 47 चा 100 झालेला तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ओळखू येतो.

पेडल जुनं असेल तर पुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक मात्र बघ, 47 किंवा 100 मायक्रोफॅरडचे नळकांडे. उष्णतेनं ते आतून सुकतात. साधारण दर 10 अंशांमागे त्यांचं आयुष्य निम्मं होतं. डोकं फुगलं असेल किंवा अॅडॅप्टरवर गुंजन वाढलं असेल तर नवे घाल, आणि उण्याची पट्टी उण्याकडेच ठेव. पण आधी बॅटरीवर वाजवून बघ. बॅटरीवर गुंजन गेलं तर दोष अॅडॅप्टरचा. सिंगल कॉइलमधून, मागाच्या मोटरजवळून किंवा मंडपातल्या लायनीतून येणारी घरघर वेगळी. 100 नॅनोफॅरडनंतर ती थोडी वाढलेली वाटेल, कारण 100 हर्ट्झचा गेनही 16 वरून 33 वर गेलेला असतो. आणि गिटार हातात असताना माइकला ओठ लागून झटका बसत असेल तर वाजवणं तिथंच थांबव. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा तारेला हात लावू नकोस.

हाताच्या कामाचं. झाकण उघडल्यावर भाग तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, बोर्डाला चिकटलेले दिसले तर ते एसएमडी. पहिलाच प्रयोग असेल तर तिथं थांब, कुणा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घे. पाय आरपार गेलेले भाग असतील तर 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न, बारीक टोक, 60/40 सोल्डर, थोडा फ्लक्स आणि सोल्डर ओढायचा पंप पुरे. बॅटरी आणि अॅडॅप्टर काढून ठेव. बोर्ड दोन्ही बाजूंनी तांब्याचा असेल तर सुरुवातीला प्रत्येक पायावर उलट थोडं ताजं सोल्डर दे. जुनं त्यानं सैल होतं. एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. ओढून काढायचा प्रयत्न केलास तर तांब्याची गोल टिकली उखडते, मग जंपर मारत बसावं लागतं. काढायचा भाग फेकूनच द्यायचा असेल तर तो वरून कापून टाक आणि एकेक पाय वेगळा काढ. तू मात्र जुना जपून ठेवणार आहेस, म्हणून घाई करू नकोस.

आणि ही युक्ती नक्की कर. चिपच्या गोल भोकांच्या सॉकेटमधून दोन भोकांचा तुकडा कापून घे आणि 473 च्या जागी तो सोल्डर कर. मग 47, 68, 100, 150 असे सगळे खोचून बघता येतात, पुन्हा सोल्डरिंग आयर्न लावावं लागत नाही. तालमीला असाच घेऊन जा. पूर्ण ग्रुप वाजत असताना तू वाजव, आणि हॉलच्या मागच्या टोकाला तुझ्या कुणा जाणकार मित्राला उभा कर. कोणता लावलाय ते त्याला सांगू नकोस. प्रत्येक वेळी व्हॉल्यूम सारखा करून घे, नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. ठरला की सॉकेट काढून तो कायमचा सोल्डर कर. स्टेजवर उड्या मारताना खोचलेला भाग सुटतो.

सोल्डर झालं की गिटार जोडण्याआधी मल्टिमीटर घे. पेडलचा अॅडॅप्टर 9 व्होल्ट डीसी आणि मधलं टोक उणे असा असतो, आधी तेवढं पाहा. काळी पिन जमिनीला लावून चिपचे पाय मोज. आठव्यावर 9 च्या आसपास, चौथ्यावर शून्य, आणि 1, 2, 3, 5, 6, 7 या सहांवर साधारण 4.5. सहापैकी एखादा 9 ला किंवा शून्याला चिकटला असेल तर शेजारच्या पायावर सोल्डरचा पूल झालाय किंवा कुठंतरी ड्राय, म्हणजे नीट न धरलेलं, सोल्डर आहे. भिंगातून बघ, ब्रशनं आयसोप्रोपिल लावून पूस, पुन्हा मोज. सगळे 4.5 असूनही आवाज नसेल तर जॅकची आणि स्विचची तार हलली असणार, झाकण उघडताना तीच आधी तुटते.

काढलेला 473 कागदाच्या चिटोऱ्यात गुंडाळ. चिटोऱ्यावर जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख लिही, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावून टाक. उद्या हंबकरची गिटार घेतलीस तर हाच पुन्हा लागेल.